सुनेला दिलेली हाक

आये,

तुला पत्र लिहायचं तसं काही कारण नाही. तुला वाचता येत नव्हतं, माझी शाळा तिसरीत सुटली, आणि तू जाऊन चाळीस वर्षं झाली. पण आज डोकं तापलंय, आणि ज्या माणसावर तापलंय ते माणूस तूच, म्हणून बसलेय. दोह्यात, अल दुहैलला, लेकाच्या स्वयंपाकघरात. बाहेर दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो आणि आत एसीनं पाय गारठतात. लेक सकाळीच साईटवर गेला. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचाय, त्यासाठी सगळं शहर उकरून ठेवलंय. रोज वेगळ्या रस्त्यानं जातो आणि रोज त्याच तोंडानं परत येतो. "संपत आलं का रे काम?" विचारलं की म्हणतो, "इन्शाल्ला." म्हटलं, तुझा बापही हेच म्हणायचा, फक्त मराठीत.

राग कशाचा ते सांगते. नातीच्या शाळेनं प्रत्येक वर्गाला खेळायला येणारा एकेक देश वाटून दिलाय. हिच्या वर्गाला स्वित्झर्लंड आलं. बाकीची पोरं चॉकलेटं आणि घड्याळं कापून चिकटवतायत, हिनं गाणं घेतलं. त्यांच्या डोंगरातलं एक गाणं आहे, म्हणे तिथल्या पोरासोरांनाही पाठ. त्याचा इतिहास सांगायचा आणि शेवटी ते स्टेजवर म्हणायचं. मधे आवाज मोडावा लागतो त्यात, त्याला योडेल म्हणतात. ते जमलं तर सगळ्या शाळेपुढं ही, नाही तर दुसरी कुणी. दहा वर्षांची पोर, आठ दिवस नुसती कोंबडीसारखी ओरडत होती. आवाज काही मोडेना. जेवण सुटलं तिचं.

तो इतिहास तिनं मला इथंच वाचून दाखवला, वाचायची इंग्रजीत आणि सांगायची अर्ध्यामुर्ध्या मराठीत. आधी ते गाणं नव्हतंच म्हणे. आधी नुसती हाक होती. वर चरायला गेलेल्या गाई खाली याव्यात म्हणून द्यायची. आवाज छातीतून काढायचा, मधेच तडकवून डोक्यात न्यायचा, म्हणजे तो या डोंगरावरून त्या डोंगरावर पोचतो. मग कुणीतरी हाकेला शब्द लावले. मग हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांपुढं म्हणू लागले, मग रेडिओवर, आता मॅचला म्हणतात. शब्द कुणी लावले यावर मात्र भांडण. एकीकडे लिहिलंय मास्तरानं, दुसरीकडे दूधवाल्यानं, तिसरीकडे नुसतं पारंपरिक. "पारंपरिक मीन्स नोबडी नोज, आजी." मी म्हटलं, "म्हणजे बाईनं केलं असणार."

आणखी एक वाचलं तिनं. त्या देशाचे गडी परमुलखात शिपाई म्हणून जायचे, आणि असली हाक कानावर पडली की गावाच्या आठवणीनं वेडे होऊन पळून जायचे, म्हणून वरच्यांनी ती म्हणायलाच बंदी केली. खरं की खोटं कुणास ठाऊक. इथं नजम्याला, कामगारांच्या वस्तीत, एकेका खोलीत आठ आठ गडी राहतात, रोज घरच्यांशी फोनवर बोलतात. पळून जायलासुद्धा गाव चालत जाण्याइतकं जवळ असावं लागतं.

ती वाचत होती आणि मला तू दिसत होतीस. मी सात वर्षांची. ऊन उतरलंय, म्हशी पलीकडच्या सड्यावर आहेत, तू गोठ्याच्या दगडावर उभी राहतेस, पदर कमरेला खोचतेस आणि हाक देतेस. एक लांब चढती, मग गळा मोडून दोनदा वर. चांदरी मान वर करते आणि चालू लागते, तिच्यामागं बाकीच्या. गोठ्याशी आली की तू वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलतेस, मगच ती आत पाऊल टाकते. मी शिकव म्हणाले तर तू म्हणालीस, हाक घरची असते, लेकीला द्यायची नसते, सुनेला द्यायची. लेक हाक घेऊन सासरी जाते आणि मागं गुरं बावचळतात. मग मी चोरून शिकले. गवताच्या गंजीमागं बसून, रोज. एक दिवस तू नदीवर असताना मी हाक दिली आणि चांदरी आली. माझ्या हाकेवर आली, आये! आणि तू धावत येऊन शेणाच्या हातानं माझ्या कानाखाली वाजवलीस. "उद्या तू जाशील, मग ती कुणाच्या नावानं हंबरेल?" म्हणालीस. मला वाटलं, म्हशीची एवढी काळजी. मी गेल्यावर तू कुणाच्या नावानं हंबरशील ते काही बोलली नाहीस.

तर गेल्या रविवारी भाकरी उलटता उलटता माझ्या तोंडून ती हाक गेली. ठरवून नाही, पोरीचं ओरडणं ऐकून वैतागले म्हणून. नातीच्या हातातली पेन्सिल पडली. सून आतून धावत आली, "आई, काय झालं? पडलात का?" शेजारच्या मल्याळी बाईनं बेल वाजवली, "आंटी ओके?" आणि नात म्हणतेय, "आजी! डू दॅट अगेन!" मग शिकवलं. बैस म्हटलं, ओरडू नकोस, भाकरी मोडतो तसा गळा मोड, जोर लावलास तर चुरा होईल. तिसऱ्या दिवशी खाली गाड्या लावतात तिथं तिचा आवाज मोडला. स्वच्छ मोडला. कंपाउंडमधली तीन मांजरं आली. म्हशी नाहीत तर मांजरं.

आता तिनं शाळेत लावायच्या मोठ्या कागदावर त्यांच्या गाण्याशेजारी तुझी हाक मांडलीय. कुणी केली, असा रकाना आहे. पारंपरिक लिहू का, विचारत होती. नको म्हटलं. पण काय लिहावं ते सांगता येईना. तुला तुझ्या सासूनं दिली असेल, तिला तिच्या. म्हणजे त्या घराची हाक बाहेरून आलेल्या पोरींच्या गळ्यातून चालत आली, आणि त्या घरात जन्मलेल्या पोरीला मात्र ती चोरावी लागली. मग नात म्हणाली, "देन व्हॉट, आजी? म्हैस जवळ आल्यावर?"

मी वहिनीला फोन लावला. तुझ्या सुनेला. म्हटलं, हाक सांग, शेवटपर्यंतची.

"वन्सं, म्हशी विकून पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. "आता हाकेवर येणार कोण, तुमचा भाऊ? त्याला जेवायलासुद्धा तीनदा बोलवावं लागतं."

"कानात काय सांगायची आई, तेवढं सांग."

"मला कुठलं माहीत? आत्याबाई म्हणायच्या, आधी वरचं जमू दे, मग खालचं सांगते. वरचं जमलंच नाही मला, घसा बसला. मी आपली पेंडीचा डबा वाजवायची. डब्यानंसुद्धा पळत यायच्या हो म्हशी."

डबा, आये. तुझ्या नियमाचा डबा झाला. जिला येत होतं तिला कानाखाली, आणि जिला दिलीस तिनं डबा वाजवला. आणि ते कानातलं तू दोघींनाही न देता घेऊन गेलीस.

उद्या शाळेत कार्यक्रम आहे. पोर परवा पुन्हा मागं लागली, शेवटचं सांग, शेवटचं सांग. मी म्हटलं, "ते सुनेलाच सांगायचं असतं. तू लेक, तुला नाही. खलास." तिनं माझ्याकडं बघितलं. गंजीमागून मी तुझ्याकडं तशीच बघत असणार. "दॅट्स सो अनफेअर," म्हणाली आणि आत गेली. उद्या ती हाक तेवढ्यावरच तोडेल आणि शंभर लोकांना वाटेल की ती तेवढीच आहे.

हा कागद पिठाच्या डब्याखाली जाईल, दुसरीकडं कुठं टाकणार. पण टाकण्याआधी लिहून ठेवते. ते कानातलं मला कधी आलंच नाही. गंजीमागून ऐकूच यायचं नाही, नुसते तुझे ओठ हलताना दिसायचे. चांदरीसुद्धा त्या दिवशी आली ती दारापर्यंतच, आत गेली नव्हती. पोरीला हे सांगायला काल दोनदा चांगली वेळ आली होती, आणि दोन्ही वेळा मी उठून चहा टाकला.