आलमसाहेबाची पेंढी

भाईंदर पूर्व,
ता. ६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप तुळसाआत्यास, रवीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि शेजारी दार ठोठावतात, म्हणून हे पत्र. बाबांचं लक्षण ठीक नाही. अंथरूण धरून चार महिने झालेच, पण आठवडाभर ते म्हणतायत की भर दुपारी जिन्यात घोडा चढतोय. तिसऱ्या मजल्यावर! वॉचमनला वर बोलावून विचारायला लावलं. तो बिचारा हिंदीत शपथा घेत उतरला.

बाबांचं म्हणणं, यंदा गावी आलमसाहेबाच्या कबरीवर गवताची पेंढी गेली नाही, म्हणून साहेब स्वतः आलाय. पहिली मूठ आपल्या शेळीला चारायची, मग पेंढी ठेवायची, हे मला दहादा बजावून झालं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी सगळे देव नदीत सोडले, साहेब तेवढा सुटला नाही. आपला ज्ञानूआजा साहेबाच्या घोड्याला गवत आणायचा आणि त्याने साहेबावरचा भाला अंगावर घेतला, हे सांगताना बाबांची मान अजून ताठ होते.

त्यांचं मन रमावं म्हणून आमच्या लेकीने, साक्षीने, इंटरनेटवर साहेबाचं जुनं इंग्रजी चरित्र शोधलंय. खरं नाव जनरल हॅलम. सोळाव्या वर्षी फौजेत आला, लढाईत दोन बोटं गेली तरी एका दिवसात पन्नास कोस घोडदौड केली. रोज दोन पानं मराठीत सांगतो. पेंढी ठेवलीस ना, तेवढं लिही.

माया आहेच, ती पातळ होऊ नये.
तुझा, रवी

*

ता. १४ ऑक्टोबर

चि. रवीस, तुळसाआत्याचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

घोडा जिने चढतो, मग तुमची लिफ्ट त्याला दिसत नाही का, असं खंडूदादाला माझ्याकडून विचार.

थट्टा राहू दे. पोळ्याला अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तू धावत येशील म्हणून कळवलं नाही. पेंढी राहिली, कळत्या वयात पहिल्यांदाच. मलाही चैन पडत नाही. दादाला सांग ठेवली म्हणून. खोट्याचं पाप माझ्या माथी.

चरित्र खुशाल वाच, पण साहेबाचा सीझर घोडा मरतो, त्या पानापुढे जाऊ नकोस. माझं ऐक.

साक्षीचा पापा घे. आठवण ठेवत जा.
तुझी आत्या

*

ता. २१ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

नको म्हटलं की माणूस तेच करतो. ते पान मी एकट्याने वाचलं. घोडा पोट फुगून मेला. गवतात विष होतं असा संशय घेऊन जनरलने घासवाल्याला साठ फटके मारवले. तो तिसऱ्या दिवशी मेला. त्याचं नाव नाही. पुढच्याच ओळीत नवा घोडा किती उमदा होता ते आहे. मला भयंकर राग आला आत्या, फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

बाबांना खोटं सांगितलं, त्यांनी नुसती मान फिरवली. ते जेवत नाहीत, भरदिवसा आम्हाला घराच्या दाराला कडी घालायला लावतात. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. खरं सांगितलं तर जन्मभराचा अभिमान जाईल, नाही सांगितलं तर साहेबाला घाबरतच जातील. मी काय करू? आणि न वाचताच तुला हे कसं माहीत?

उत्तराकडे डोळे लागलेत.
रवी

*

ता. २७ ऑक्टोबर

चि. रवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला आजीने सांगितलं. तिला तिच्या सासूने, सासूला ज्ञानूच्या बायकोने, गवराबाईने. मार खाऊन मेला हे सांगायची पुरुषांना लाज वाटली, म्हणून त्यांनी भाला आणला.

साहेब पुढच्या वर्षी तापाने गेला. गवराबाई त्याच माळाचं गवत आणि आपली शेळी घेऊन कबरीपाशी गेली. शिपायांच्या देखत शेळीला मूठभर चारलं, उरलेलं कबरीवर टाकलं. बघ म्हणाली, माझ्या नवऱ्याचं गवत चांगलं होतं. जिवंत होती तोवर दरसाल गेली. ती पूजा नव्हती रे. दाव्याला साक्ष असते, तशी होती. मीही तेवढ्यासाठीच जात राहिले.

दादाला सगळं वाचून दाखव. मी आजवर गप्प बसले, ते चुकलं.

आम्हांवर रागावू नकोस.
तुझी आत्या

*

ता. ३ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. ते खूप रडले. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग त्यांनी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. टापांच्या मागे अनवाणी पावलंही वाजतात. साहेबाने आपल्याला धरून न्यायला माणूस आणलाय, असं समजून ते इतके दिवस कडी घालायला लावत होते. तो आपला आजा असणार, म्हणाले, घोड्यामागून चालत आलाय, आणि आपण त्याला दाराबाहेर उभा ठेवलाय. दार उघड आणि तांब्याभर पाणी ठेव, असं मला सांगितलं.

माझा विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. तरी काल दुपारी कडी काढली. जिना रिकामा होता. बाबांनी अंथरुणातून आजाला आत ये म्हणून हाक मारली. मी तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात उभा होतो, तो बाजूला सरकलो आणि वाट दिली.

तू लवकर बरी हो.
तुझा, रवी