मोरणी गेली

प्रिय मोहिनी,

फोनवर हे सांगणं मला जमायचं नाही, म्हणून लिहिते आहे. आपली मोरणी गाय गेली, बाई.

आजारी पडली तेव्हाच कळवायचं होतं, पण तू धुळ्याहून शाळेतलं शिकवणं टाकून धावत आली असतीस. शेजारी अभिमनच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीतला भात, पुऱ्या उरल्या. नानांनी घमेलं भरून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. आपला तेजस गेल्यापासून ते माझ्याशी कमी, त्या गाईशीच जास्त बोलतात. मायेनेच दिलं गं. सकाळी बघतो तर पोट तट्ट फुगलेलं, रवंथ बंद, कडब्याला तोंड लावेना.

डॉक्टरांनी सांगितलं, गाईच्या पोटात जिवाणूंची मोठी वस्ती असते. चारा पचवतात ते हेच. एकदम एवढा भात पोटात गेला की त्यातली एकच जात बेसुमार वाढते, पोटात आंबट होतं, आणि चारा पचवणारे बिचारे मरून जातात. मग त्यांनी पोट धुतलं, सलाईन लावलं. अभिमनच्या बैलाच्या पोटातलं पाणी नळीने काढून हिला पाजलं. निरोगी जनावराचे जिवाणू हिच्या पोटात रुजले तर वाचेल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने खरंच थोडा रवंथ केला. नाना लहान पोरासारखे ओरडले, "लता, ये वं, पाह्य, चावते!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाले. पण तो आंबटपणा रक्तात उतरला होता. संध्याकाळी तिने मान टाकली.

मोरणी आई मेलेलं वासरू होती, तिला तू बाटलीने दूध पाजून वाढवलंस. केळीच्या बागेतून आलीस की आधी तिच्याकडे जायचीस. तेजस चिडवायचा, घरात माझा नंबर दुसरा. आता नाना रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात. "मीनंच मारलं वं तिले," एवढंच म्हणतात. जेवणाला उठवावं लागतं.

तू दर सुट्टीला यायचीस, मोरणीला बघायला येते म्हणायचीस. येऊन नानांच्या गोळ्या भरून ठेवायचीस, माझे केस विंचरायचीस. आम्हाला कळत होतं. आम्ही कधी बोललो नाही, एवढंच.

माहेरून तुझ्या वडिलांचा फोन आला होता. त्यांनी तुझ्यासाठी बघितलेले नवलराव चांगले आहेत, तुलाही आवडलेत, पण मोरणीला नि त्या दोघांना सोडून कशी जाऊ, म्हणतेस. मोरणी तर राहिली नाही. उरलो आम्ही दोघं. आमच्यासाठी थांबू नकोस, पोरी. हो म्हण. तू येत राहावंस असं मला फार वाटतं, म्हणूनच हे आज लिहून टाकते, उद्या लिहायचा धीर व्हायचा नाही. नानांना विचारलं, तुमचं काही लिहू का. गोठ्यातून उठून ओट्यावर आले. मग म्हणाले, "लिही, लग्नाले मी येईन. पोरीकडच्या मानसाईत बसीन."

तुझीच,
आई