आप्पांनी धरलेला शेवटचा रोहू

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्याच हातानं घात केला. आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गोदावरीत धरलेला रोहू मी प्रयोगशाळेत बर्फात जपला होता. प्रयोगाला खवल्यांसकट कातडी लागते; तिच्यावर लेझरचा उजेड टाकला, की तिच्यातून कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज उठतो आणि त्यावरून यंत्र चित्र काढतं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा हसले होते, "मासा बोलतो व्हय गं पोरी? मला बी ऐकव एकदा."

आणि आज मासा हातात आला तशी मी सवयीनं शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढली. सगळे खवले बेसिनमध्ये. बापानंच शिकवलेला हात तो! प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे, बाजारातून दुसरा आण."

दुसरा कुठून आणू?

घरी आल्यावर दिसलं, एक खवला मनगटाला चिकटून आलाय. वेड्यासारखी तो कानाशी धरून बसले.