नामिएचं कपाट

कामो,
१८ नोव्हेंबर १९८८

प्रिय सेईगो,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. पोचल्याचं तरी लगेच कळवायला हवं होतं. किनू रोज सकाळी विचारते, "अहो, लिहिलंत का?" आणि मी रोज रंध्याचं पातं घासायला बसतो. आता त्या पात्याने दाढी करता येईल.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा उजवा खांदा थंडी पडली की कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. किनूने यंदाही लोणच्यासाठी मुळे टांगलेत, चौघांना पुरतील एवढे. डोंगर कालपासून पांढरे दिसायला लागलेत.

धंद्याचं काय सांगू. नव्या घरांत कपाटं भिंतीतच असतात, मग आपलं कपाट ठेवायचं कुठे? शहरातल्या एका मोठ्या दुकानाचे साहेब आले होते. म्हणाले, "होरिगोमेसान, तांदूळ ठेवायचे छोटे डबे करा, तेच खपतं हल्ली. आणि लाकडी खिळे कशाला? लोखंडी ठोका, आत कोण बघतंय?" मी रागावलो, त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. मग डबे केले. खपले. खिळे मात्र लाकडाचेच, कोंड्यात भाजून घेतलेले. तू भाजायचास तसे एकसारखे होत नाहीत, काही करपतात.

एक गंमत सांगतो. नीगाताची एक बाई तणतणत आली. गेल्या वर्षी नेलेल्या कपाटात भूत आहे म्हणे. वरचा खण बंद केला की खालचा आपोआप बाहेर येतो. किनूने तिला चहा दिला आणि म्हणाली, "बाई, भूत नाही हो, आमच्या ह्यांचा हट्ट आहे. वारा जायलासुद्धा फट ठेवत नाहीत." बाईला पटलं नाही. शेवटी मी जाऊन खण जरा सैल करून आलो. ज्यासाठी जन्म घालवला ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बिघडवून आलो, असं वाटत राहिलं.

आमची नामिए लहानपणी हाच खेळ खेळायची, तिने तुला सांगितलं असेलच. वरचा खण ढकलायची, खालचा बाहेर आला की वाकून विचारायची, "कोण आहे आत?"

हे सगळं लिहितोय ते तुझ्या प्रश्नाजवळ जायला नको म्हणून. तुला कळलंच असेल.

अइझूच्या त्या लाकूड व्यापाऱ्याची एकुलती मुलगी तुझ्याशी लग्न करायला तयार आहे. तू त्यांच्या घरी घरजावई होऊन राहायचंस, त्यांचं आडनाव लावायचंस. तू लिहिलंस, "उस्ताद, तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. कामोला परत येईन." पत्रात एवढी एकच ओळ तुझ्या अक्षरात वाकडी आली आहे.

नको म्हणायचं मनात आलं नाही असं नाही. एकदा तर लिहिलंही. आमचं आडनाव तुझ्यासाठी ठेवलं होतं, ही कामाची जागा, ही अवजारं, सगळं. माझ्यानंतर कोणी नाही. ते पत्र किनूने वाचलं आणि शेकोटीत घातलं. म्हणाली, "पोराचं आयुष्य म्हणजे आपल्या दुःखावर टाकायचं पांघरूण आहे का?"

तेव्हा आता त्या सकाळचं बोलतो.

नामिए जन्मली तेव्हा तिच्या लग्नातल्या कपाटासाठी लावलेलं किरीचं झाड तुमचं लग्न ठरल्यावर आपण दोघांनी तोडलं. ती हसायची, "मी सासरी जाणारच नाही, तर कपाट कशाला? अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीत वाजतगाजत नेणार का?" फळ्या अंगणात उभ्या केल्या. दोन-तीन हिवाळे पाऊस-बर्फ खाल्ल्याशिवाय लाकडातलं कडू पाणी जात नाही आणि ते राहिलं तर कपाट पुढे काळं पडतं, हे तुला मीच शिकवलं. पहिल्याच हिवाळ्यात नामिए गेली.

तिचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी अंगण रिकामं होतं. सगळ्या फळ्या तू आत आणल्या होत्यास. पुसून भिंतीला टेकवल्या होत्या आणि तू खाली बसला होतास, हात लालभडक. मी एवढंच म्हणालो, "लाकूड अजून कडू होतं." तू मान खाली घातलीस आणि त्या आठवड्यात निघून गेलास. माझं झाड तू नासवलंस, असं तुला वाटलं.

सेईगो, त्या सकाळी मी हातमोजे चढवले होते. मीही त्या फळ्या आत घ्यायलाच निघालो होतो. तिला बर्फात उभं केलंय असंच मला रोज खिडकीतून दिसायचं. तू माझ्या आधी पोचलास, इतकंच. हे तेव्हा सांगायला हवं होतं, पण तोंडातून निघालं ते लाकडाचं.

फळ्या मी परत बाहेर नेल्या नाहीत. त्यांचंच कपाट केलं. उन्हाळ्यात पुरं झालं. डाव्या बाजूला आत्ताच काळसर डाग यायला लागलाय, वाढत जाईल. रंध्याने काढता येईल, पण काढणार नाही. किनू येता-जाता वरचा खण ढकलते आणि खालचा बाहेर येईपर्यंत थांबते. आधी मी ओरडायचो. आता ती बाजारात गेली की मी ढकलतो.

तर माझं उत्तर. जा. मनापासून जा, त्यांचं नाव लाव आणि चांगलं लाव. जानेवारीत नामिएच्या तिसऱ्या वर्षाच्या विधीला येऊ नकोस. तू दारात दिसलास तर मी तुला परत जाऊ देणार नाही. मुलगी झाली तर किरीचं रोप लाव आणि फळ्या पुरेसे हिवाळे बाहेर राहू दे. त्या मुलीच्या लग्नात तिला कडू लाकूड द्यायची पाळी कोणावर येऊ नये.

एक राहिलं. नामिए वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर तू मागून मला "बाबा" म्हणून हाक मारलीस. वळलो असतो तर तिथेच कोसळलो असतो, म्हणून मी ओ दिली नाही. त्यानंतर तू पुन्हा उस्तादच म्हणत राहिलास.

आज ओ देतोय, बाळा. जा आता.

तुझा
बाबा