गौरा चौऱ्याचा रकाना

प्रिय बाबा,

तुम्हाले जाऊन दोन वर्षं झाली, पत्र मात्र आज लिहून राहिली. कारण ऑफिसातलंच आहे. रस्ता रुंदीकरणाचा फॉर्म सकाळी माझ्या टेबलावर आला. त्यात तोच रकाना, 'पूजास्थल का प्रकार': मंदिर, मस्जिद, गुरुद्वारा, चर्च. यात न बसणारं सगळं 'चबूतरा'.

रायपूर राजधानी झालं तेव्हा गुढियारीकडच्या रस्त्याच्या सर्वेत हा रकाना तुम्ही भरायचे. तुमचा नियम सरळ. छत असेल तर देऊळ, नसेल तर ओटा. मी विचारलं होतं, "आणि बिनछताचा देव?" तुम्ही हसले, "पोट्टी, देवाचा सर्वे नाही करून राहिलो मी!"

तिथल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तुम्ही सर्वेले गेले भर उन्हाळ्यात. गौरा चौऱ्यावर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. गौरा-गौरीच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या, मातीच्या मूर्ती तिथं दिवाळीतच बसतात, त्यांचं लग्न लागतं, दुसऱ्या दिवशी तलावात विसर्जन. बाकी वर्षभर नुसता ओटा. तुम्ही लिहिलं, 'चबूतरा'. मंदिर असतं तर पाऱ्यातल्या लोकांले आधी विचारलं असतं. चबूतऱ्यासाठी कोण विचारतं? मग एका सकाळी जेसीबी आला, दुपारपर्यंत जागा सपाट.

आपल्याकडे भाजी आणणारी फुलमत दीदी त्याच पाऱ्यातली. दारात उभी राहून एवढंच बोलली, "बाबूजी, तुमन तो उहाँ परसाद खाए रहेव!"

खरंच होतं ना? दर दिवाळीले तिच्यासोबत आपण तिथं जायचो, परसाद खायचो. मग काहून विसरले, बाबा? तुम्ही म्हणाले, "नियमाप्रमाणे बरोबर आहे." ती परत आली नाही. आईनं दुसरी भाजीवाली धरली.

मले राग होता तुमचा. आता फारसा नाही. शेवटच्या आजारपणात एकदा तुम्ही विचारलं, "फुलमत येते का गं कधी?" तेवढंच! चुकलो म्हणणं इतकं जड होतं का हो?

माझ्या फॉर्मातला गौरा चौरा दुसऱ्या पाऱ्यातला; त्यावर सध्या मिरच्या वाळून राहिल्या, दुपारी पाहून आली. 'मंदिर' मी लिहिणार नाही, ते खोटं. छापलेले शब्द खोडून 'गौरा चौरा, पूजा होते' लिहीन. साहेबांनी फॉर्म परत केला तर पुन्हा तेच लिहीन. आणि येत्या रविवारी फुलमत दीदीच्या घरी जाईन. चूक बाबांची होती, असं तिले तोंडावर सांगीन. मग तिनं मले आत घेवो, नाहीतर दारातून परत पाठवो.

तुमचीच,
मंजू