पेडगावची फेक

औरंगाबाद, १० डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप सौ. अक्कास, बन्सीधरचा शि. सा. न. वि. वि.

व्यायामशिक्षकांच्या वर्गात मी खुशाल आहे, उजवा खांदा सोडून. चेंडूफेकीत पन्नास यार्ड लागतात. माझा चेंडू पस्तिसावरच बसतो. सर म्हणतात, फेक हे शास्त्र आहे. त्यांनी फळ्यावर हाडांचं चित्रही काढलं. मी जोर वाढवला, तर खांदा सुजला. दोन तारखेला परीक्षा. नापास झालो तर जिंतूरच्या शाळेतली जागा गेली. तू मचाणावर बसून पाखरं हाकतेस, तुला यातलं काय कळणार. दाजींना नमस्कार. लोभ असू दे, मलम असल्यास तेही.

तुझा बन्सी

पेडगाव, १६ डिसेंबर

चि. बन्सीस अनेक आशीर्वाद.

लय हुशार झालास. सरकारनं हाडं मोजायला शिकवलं, फेकायचं तेवढं राहिलं. मी चौथी शिकलेली. पण माझं ढेकूळ ज्वारीच्या पल्याडच्या बांधावर पडायलंय. दिवाळीत तुला फेकताना बघितलं. उजवा हात अन् उजवाच पाय पुढं. होणारा मास्तर उंबऱ्यात अडखळल्यागत दिसला. डावा पाय पुढं टाक. तो टेकला की आधी कंबर फिरव, मग छाती, मग खांदा. कोपर मागून येऊ दे, मनगट सगळ्यात शेवटी. एकट्या खांद्याला राबवलं तर तो रुसणारच. आठ दिवस हळद लाव, फेकू नको. दाजी म्हणायलेत, नापास झालास तर हिकडं ये, पाखरं लय हायत. माया हाय म्हणून टोचते, राग धरू नको.

कडूअक्का

औरंगाबाद, ४ जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप अक्कास शि. सा. न.

चोपन्न यार्ड. जिंतूरची जागा पक्की. परीक्षकांनी विचारलं, ही पद्धत कुठं शिकलास. मी म्हणालो, स्वतःच्या अभ्यासातून. आता ते म्हणतात, तेरा तारखेला वर्गापुढं समजावून सांग. कंबर आधी का फिरवायची, तेवढं उलट टपाली कळव. कृपा असावी, आणि दाजींना हे सांगू नये.

बन्सी

पेडगाव, ८ जानेवारी

अभ्यासू बन्सीधररावांस आशीर्वाद.

तुझा अभ्यास ऐकून आमी धन्य झालो. दाजींनी पत्र दोनदा वाचायला लावलं. कंबरेचं शास्त्र मला ठाऊक न्हाई. शिकले कशी, ते सांगते. आई गेली तवा मी अकरा वर्षांची, तू दीड वर्षाचा. तुला डाव्या कडेवर घेऊन शेत राखायची. नुसता हात झटकला की तू दचकून रडायचास. मग तुला घट्ट धरून सगळं अंगच फिरवायला लागले. ढेकूळ लांब जायचं अन् तू खिदळायचास. वर्गापुढं हेच सांग. अभ्यासाला तू हजर होतास, एवढं खरं हाय.

तुझी कडूअक्का