चौथ्या ताटलीतल्या चकत्या

पार्सलातून आले ते असे: पॉवर स्टिअरिंगचा दाबाचा पाइप, नग एक, किंमत चार हजार आठशे पन्नास. पाइपाच्या जोडाला लागणाऱ्या तांब्याच्या चकत्या, नग दोन, किंमत नव्वद. स्टिअरिंगचे तेल, एक लिटर, सहाशे वीस. टपालखर्च वेगळा. सहा वर्षांपूर्वीची ही नोंद माझ्या वहीत माझ्याच हातची आहे. मृत्युपत्राची सुरुवात तिच्यापासून करते, कारण आमच्या घराची खरी वाटणी या पार्सलापाशी झाली.

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. दुखणे हृदयाच्या झडपेचे आहे. येत्या तीन तारखेला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात काळजी करू नका, पण फॉर्मवर सही माझीच घेतली. हे मी कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाला खूश करण्यासाठी लिहीत नाही. वाचून कोणी खूश होणारही नाही.

कलम १. राहते घर यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झाले. खालच्या दोन खोल्या थोरल्या मुलाच्या. माझे गुडघे धरले तेव्हापासून त्याच्या बायकोने माझी सगळी वर-खालची कामे स्वतः केली आणि एकदाही बोलून दाखवली नाहीत. वरची खोली आणि बाजूची शेड धाकट्याची. शेडमध्ये थोरल्याने रचलेली मोडकी खाट आठ दिवसांत हलवावी.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. पावत्या पिठाच्या डब्यामागे आहेत. नणंदेला काही देऊ नये. माझी जरीची शाल 'चार दिवसांत आणून देते' म्हणून तिने नेली, त्याला एकेचाळीस वर्षे झाली. शाल तिलाच लखलाभ. फक्त ती मी दिलेली नव्हती, एवढे इथे लिहून ठेवते.

कलम ३. तांबडी गाडी, दोन दारांची, दोनच माणसे बसतील अशी, आणि तिच्यासोबत सगळे पाने, जॅक व उचललेली गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या धाकट्याला. ही गाडी यजमानांनी तिसऱ्या हाताची घेतली. त्या वर्षी घराला रंग लागायचा होता, तो राहिला. मी तिला सवत म्हणे. ते म्हणत, "सवत असती तर निदान चार भांडी तरी घासली असती." थोरला म्हणतो ती भंगारात द्या. त्याचा राग खोटा नाही. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे, आणि तो कसा भाजला ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. हे कलम शांतपणे वाचावे.

यजमान जाऊन वर्ष होत आले होते. गाडीचा जुना पाइप झिरपू लागला आणि स्टिअरिंग जात्यासारखे जड झाले. धाकटा तेव्हा छापखान्यात यंत्रे दुरुस्त करी. तो म्हणाला, गॅरेजवाला मजुरीच पाइपाइतकी सांगतो, घरीच बदलू. मला ते लगेच पटले. मजुरी वाचते म्हटल्यावर मला काय पटत नाही?

त्याची कामाची रीत वडिलांची. निघालेला एकेक भाग स्टीलच्या ताटलीत ठेवायचा, बसवायचा नवा भागही आधीच तिथे मांडायचा, आणि ताटल्यांना नंबर द्यायचे. ताटल्या माझ्या ताब्यात. गाडी पुढून उचलून घोड्यांवर टेकवलेली, तो खाली पाठीवर निजलेला, मी शेडच्या दारात पाटावर. एक नट गंजून असा बसला होता की तासभर हलेना. पाना निसटून त्याच्या बोटांची साले निघाली. आतून म्हणतो, "आई, हा नट नाही, आत्याने नेलेली शाल आहे. परत येत नाही." मी किती तरी दिवसांनी पोट धरून हसले.

मग पंपाकडचा बोल्ट निघाला. त्या बोल्टावर पाइपाच्या दोन बाजूंना तांब्याची एकेक चकती असते, तेल बाहेर येऊ नये म्हणून. जुन्या दोन चकत्या त्याने माझ्याकडे सरकवल्या आणि टाकून दे म्हणाला. तांबे टाकून दे, हे माझ्या कानांना नवीनच होते. तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी त्या लिंबू-मिठाने घासल्या. नव्यासारख्या लखलखल्या. नव्या होत्या त्या पुढच्या वेळेसाठी पदराला बांधल्या आणि घासलेल्या चौथ्या ताटलीत ठेवल्या. धातू तो धातू, त्याला काय जुने आणि काय नवे, अशी माझी समजूत.

थोड्या वेळाने गाडीखालून हात बाहेर आला. "ताटली चार." मी दिली. काळोखात, तेलाने माखलेल्या बोटांनी त्याने त्या बसवल्या. त्याने संशय का घ्यावा? ताटली आईने दिली होती.

तेल भरून झाल्यावर त्याने मला आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन सुरू करून जोडाखाली कागद अंथरला. पंधरा मिनिटांत एक थेंब पडला नाही. मला वाटले, झाले, देव पाठीशी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने गाडी काढली. शेजारी मी, मागून सायकलवर धाकटा. पाण्याच्या टाकीकडून उतरणाऱ्या रस्त्याला एक अडचणीचे वळण आहे, तिथे स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवावे लागते. तसे फिरवले की पाइपातला दाब सगळ्यात जास्त चढतो, हे मला नंतर समजले. आधी पुढून घरघर आली. मग थोरला म्हणाला, "आई, वळत नाहीये." ओरडला नाही, म्हणून मी जास्त घाबरले. त्याने अंगाचा सगळा भार स्टिअरिंगवर टाकला होता. समोर दगडी कठडा, पलीकडे खोल उतार. माझ्या तोंडात देवाचे नाव होते आणि डोळ्यांपुढे चौथी ताटली.

गाडी कठड्याला घासत थांबली. माझे दार कठड्याला लागून बंद झाले. बॉनेटच्या फटीतून धूर येऊ लागला; तेल उडून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होते. थोरल्याने मला आपल्या दाराने ओढून काढले, मग जाऊन बॉनेट उघडले आणि जाळ त्याच्या हातावर आला. धाकट्याने रस्त्याकडेची माती ओंजळीने टाकून तो विझवला.

गॅरेजच्या मिस्त्रीने बोल्ट काढून चकत्या तळहातावर घेतल्या. "जुन्याच घातल्यात की. एकदा दबलेलं तांबं कडक होतं. पुन्हा दाब धरत नाही."

थोरल्याच्या हाताला पट्ट्या होत्या. तो धाकट्याला म्हणाला, "नव्वदासाठी? आई होती गाडीत."

धाकट्याने त्या चकत्यांकडे पाहिले. एका कडेला अजून घासल्याची चमक होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले, एकदाच, आणि म्हणाला, "चुकलं माझं."

तेव्हा मी तोंड उघडायला हवे होते. उघडले नाही. आठवड्याने तो दूरची नोकरी धरून गेला. थोरल्याने त्याचे नाव टाकले. मी रोज देवापुढे दिवा लावते, दोघांना सुखी ठेव म्हणते, आणि देवाच्या नजरेला नजर देत नाही.

म्हणून पूर्ण शुद्धीवर लिहून देते की चकत्या मी बदलल्या. धाकट्याचा त्यात काडीचाही दोष नाही. नातेवाइकांत ज्यांनी ज्यांनी त्याला 'हलगर्जी' म्हटले, त्या प्रत्येकाला हे कलम वाचून दाखवावे.

कलम ५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी धाकट्याला नेमते. त्यासाठी त्याला या घरात यावे लागेल आणि भावाशेजारी बसून कागद पाहावे लागतील. तसे व्हावे म्हणूनच नेमते.

थोरल्याला कलम चार काल मी स्वतः वाचून दाखवले. तो बराच वेळ शर्टाची बाही खाली ओढत बसला. मग म्हणाला, "सहा वर्षं मी त्याला नावं ठेवत होतो, आणि तू ऐकत मला वाढत होतीस." रात्री तो जेवला नाही. सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "त्याला तूच लिही. माझं अक्षर बघून तो पाकीट उघडणार नाही."

या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: आई

साक्षीदार पहिले: शेजारचे निवृत्त शिक्षक. कलम चार गाळा, कायद्याला त्याची गरज नाही, असे यांनी सांगितले. मी गाळले नाही. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: २१, मंगळवार

नक्कल धाकट्यास, रजिस्टर टपालाने:

बाळा, व्यवस्थापक व्हायला तुझी संमती लागते. तू हो म्हण असा माझा आग्रह नाही, तो हक्क मी गमावला आहे. मला माफ कर असेही या कागदात लिहीत नाही, ते तोंडाने म्हणायचे असते आणि त्याला तू समोर हवास. तीन तारखेला सकाळी सातला मला आत नेतील. येणार असशील तर तसे लिही. येणार नसशील तर तेही लिही, रागाने लिही, चार ओळी लिही. पण त्याआधी पोहोचेल असे उलट टपाली कळव.